बाबांची शुगर, वॉर्डातलं इन्सुलिन आणि डब्याची वेळ

वॉर्डात मला एक प्रश्न हमखास येतो, डॉक्टर, बाबांची शुगर घरी गोळ्यांवर छान होती, न्यूमोनियासाठी अॅडमिट केलं तर तुम्ही डायरेक्ट इन्सुलिन लावलंत, आता ते कायमचं मागे लागणार का? बहुतेकांचं नाही लागत. आजारपणात शरीरात कॉर्टिसॉल, अॅड्रेनलिन ही ताणाची हार्मोन्स वाढतात आणि ती इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, त्यात सकाळी स्टेरॉइड दिलं असेल तर दुपारनंतर शुगर चढते. 2021 च्या कोविडच्या लाटेत म्युकर, म्हणजे काळी बुरशी, आपण सगळ्यांनी बघितला, स्टेरॉइड आणि हाताबाहेर गेलेली शुगर मिळून काय करतात ते तेव्हा कळलं. इन्सुलिन रोज कमीजास्त करता येतं, गोळीचं तसं नसतं. किडनी मंदावली तर मेटफॉर्मिन ही शुगरची नेहमीची गोळी थांबवावी लागते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या शुगरच्या गोळ्या ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी 3 दिवस बंद करायच्या, नाहीतर शुगर 200 च्या आत दिसत असताना रक्तात किटोन नावाची आम्लं साठत जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून येताना गोळ्यांची पाकिटं घेऊन या, 'ती पांढरी छोटी गोळी' एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही हो.

मग घरच्यांना वाटतं शुगर 100 च हवी. आम्हालाही एकेकाळी असंच वाटायचं. 2009 साली नाइस-शुगर नावाचा अभ्यास आला, आयसीयूतले 6 हजारांवर पेशंट, निम्म्यांची शुगर 81 ते 108 मध्ये घट्ट धरली, बाकीच्यांची 180 च्या खाली एवढंच बघितलं. 90 दिवसांत घट्ट धरलेल्यांमध्ये 27.5 टक्के गेले, दुसरीकडे 24.9. त्यामुळे आता बहुतेक पेशंटना आम्ही 140 ते 180 मध्ये ठेवतो, चार्टवर 165 दिसलं म्हणून सिस्टरवर चिडू नका.

मी रेसिडेंट असताना खाटेला एक चिठ्ठी असायची, 200 च्या वर 4 युनिट, 250 च्या वर 6, म्हणजे शुगर आधी चढू द्यायची मग तिच्यामागे पळायचं. स्लायडिंग स्केल म्हणतात त्याला, आणि एकट्या त्याच्यावर पेशंट ठेवणं मला आजही पटत नाही. दिवसभर पुरणारं एक इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी थोडं, हे बरं. 2007 च्या एका ट्रायलमध्ये असं दिलेल्या 66 टक्के पेशंटची शुगर 140 च्या खाली आली, नुसत्या स्केलवर 38 टक्क्यांची.

पण जेवणाआधीचं इन्सुलिन म्हटलं की ताट समोर हवं, आणि गाडी इथेच अडकते. सिस्टर सुई देऊन जातात, तेवढ्यात वॉर्डबॉय मामा व्हीलचेअर घेऊन येतो, पेशंट सोनोग्राफीला, डबा तसाच कपाटावर. तासाभराने आजी घामाने भिजलेल्या, हात थरथरतायत, काहीतरी असंबद्ध बोलतायत, आणि सून म्हणते झोप झाली नसेल. अहो ती झोप नाही, शुगर पडलीय! 70 च्या खाली असेल आणि पेशंट शुद्धीवर असेल तर 15 ग्रॅम साखर, म्हणजे साधारण 3 चमचे पाण्यात, 15 मिनिटांनी परत तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, ओरडून सिस्टरना बोलवा, शिरेतून ग्लुकोज द्यावं लागतं. म्हणून सुई देण्याआधी विचारायचं, सिस्टर, आत्ता कुठल्या तपासणीला न्यायचंय का? डबा वाटेत असेल तर तेही सांगायचं. तुम्ही विचारलंत म्हणून कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी विचारा.

आता घरी जाताना इन्सुलिन चालू राहणार असेल तर. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली 40 ची पण मिळते आणि 100 ची पण, म्हणजे एका मिलीत तेवढे युनिट, 40 च्या सिरिंजला लाल टोपण, 100 च्या सिरिंजला केशरी. 100 चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने भरलं तर डोस अडीचपट जातो. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दुकानातच जुळवून घ्या, आणि डिस्चार्जच्या दिवशी एक इंजेक्शन सिस्टरसमोर स्वतः भरून दाखवा, मग सामान बांधा.