साडेअकरा सेकंदांच्या पुढे काय? विदर्भातल्या पळणाऱ्या पोरापोरींची गोष्ट

राम राम मंडळी!

सुरुवातीलाच दोन आकडे सांगतो, ते डोक्यात ठेवा. ११.५० आणि १४. पोलीस शिपाई भरतीचा तक्ता ज्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह आहे, त्यांनी लगेच ओळखलं असेल. मैदानी चाचणीत पोरानं शंभर मीटर साडेअकरा सेकंदांत काढलं की १५ पैकी १५ गुण. पोरीनं चौदा सेकंदांत काढलं की तिलाही १५ पैकी १५. त्याहून कितीही जोरात पळा, सोळावा गुण नाही.

आता दुसरे दोन आकडे. आपल्या शेजारच्या छत्तीसगडचा अनिमेष कुजूर जुलै २०२५ मध्ये ग्रीसमध्ये शंभर मीटर १०.१८ सेकंदांत पळाला, तो तेव्हा राष्ट्रीय विक्रम ठरला. आणि ओडिशाच्या द्युती चंदनं २०२१ मध्ये पतियाळात ११.१७ ची वेळ दिली होती.

म्हणजे भरतीत पैकीच्या पैकी घेणारी पोरगी आणि द्युती एका रेषेवरून सुटल्या, तर द्युती पोहोचेल तेव्हा आपली पोरगी वीसेक मीटर मागे असेल. जवळजवळ तीन सेकंदांचा फरक. आणि या तीन सेकंदांना आपल्या गावात कवडीचा भाव नाही. आजचा व्हिडिओ त्याच तीन सेकंदांवर आहे.

धावपटूंवरचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. अनवाणी पाय, मागे बासरी, घरी अठरा विश्वे दारिद्र्य, आणि मग पोडियम. जिद्द खोटी नाही हो. पहाटे पाचला पांढरकवडा-वणी रस्त्यावर जाऊन बघा, अंधारात पोट्ट्यांचे जथ्थे पळताना दिसतील. पण त्या व्हिडिओंमुळे एक समज पक्का होतो, की हाल सोसले म्हणून पोरगं वेगवान झालं. हे काही मला पटत नाही. हाल सोसल्यानं पोरगं चिवट होतं. वेग वेगळ्या गोष्टींनी येतो, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी हलाखी आधीच काढून घेते.

लांब पल्ल्याचं गणित थोडं निराळं आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज पायपीट करायचा, पुढे फौजेत गेला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्य घेऊन आला. तिथं ती पायपीट कुठंतरी कामी आली असेल, नाही म्हणत नाही. शंभर मीटरला पायपिटीचा उपयोग नाही.

का नाही, ते बघू.

तुम्ही जीव तोडून पळता तेव्हा पहिले सहा-आठ सेकंद स्नायू आपल्या आत साठवलेलं इंधन जाळतात. फॉस्फोक्रिएटिन म्हणतात त्याला. साठा छोटा असतो, भर्रकन संपतो, आणि पुन्हा भरायला काही मिनिटं लागतात. म्हणून जगभरातले स्प्रिंटचे कोच एक जोरकस शंभर मीटर झाली की सात-आठ-दहा मिनिटं पोराला नुसतं फिरवतात. बघणाऱ्याला वाटतं टाइमपास चाललाय. आपल्याकडच्या बहुतेक भरती ग्राउंडवर काय होतं? "चला, शंभरचे दहा मारा!" मध्ये मिनिटभराचा दम. तिसऱ्या शंभरपासून पोरगं वेगाचा सराव करतच नाही, थकल्यावर पळायचा सराव करतं. भरतीतल्या सोळाशे मीटरच्या चाचणीसाठी चालेल ते. पण शरीर जे रोज करतं तेच शिकतं, आणि हे शरीर हळू पळायला शिकतंय. घाम मात्र भरपूर निघतो, त्यामुळे मास्तर खूश, पोरगं खूश, बापही खूश.

ही झाली मैदानावरची विश्रांती. घरची?

रब्बीत शेतीपंपाला लाइन आठवड्याआड रात्रीची असते. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर रात्री बाराला मोटर सुरू करायला कोणाला पाठवणार? घरातल्या तरण्या पोराला. ओलित करून तो चारला परततो आणि पाचला ग्राउंडवर हजर. ओलित नसेल तर जागल. रानडुकरांनी एका रात्रीत एकरभर पीक लोळवलं की काय होतं, हे विदर्भात कोणाला सांगायला नको. मग पोरगं मचाणावर, हातात बॅटरी आणि पत्र्याचा डबा. वाढत्या वयात स्नायूंची डागडुजी गाढ झोपेत होते, आणि याची झोप तुकड्या-तुकड्यांत. मांडीच्या मागची शीर धरली की आपण म्हणतो, वॉर्मअप केला नसेल. केला होता हो. झोपला नव्हता.

एका मैदानावर पोरीला मास्तरांनी दोन दिवस दिसली नाही म्हणून विचारलं. तिचं उत्तर जसंच्या तसं सांगतो: "सर, सोंगणी लागली न घरी. बाई भेटून नाई रायली." ऑक्टोबर महिना. सोयाबीनची सोंगणी, लगेच कापसाची वेचणी, आणि शालेय स्पर्धांचे जिल्हा-विभागाचे सामने साधारण याच हंगामात. घरी सीतादहीची पूजा होऊन पहिला वेचा सुरू होतो, तेव्हा पोरीच्या नावाची चेस्ट नंबरची चिठ्ठी दप्तरात पडलेली असते. दिवसभर पराटीत वाकून कंबर धरलेली पोरगी दुसऱ्या दिवशी स्टार्ट घेणार. बापाला दोष देऊ नका. त्या आठवड्यात मजूर दुप्पट मागतो.

आता मैदान बघू. (इथे स्टार्टचा क्लिप.)

हा क्लिप थांबवून बघा. पोरगं स्टार्टला बसलंय, मागे त्याचा दोस्त जमिनीवर बूड टेकवून, दोन्ही पाय पुढे करून, आपल्या तळव्यांचा टेकू देतोय. हाच स्टार्टिंग ब्लॉक. "सेट" म्हटलं की मागचा दोस्त दात-ओठ खातो, कारण पुढच्याचा सगळा जोर त्याच्या गुडघ्यांवर येणार. आयडिया भारी आहे, मला फार आवडते. पण खऱ्या ब्लॉकचा कोन ठरलेला असतो, तो घसरत नाही, आणि पहिली तीन पावलं त्यावर ठरतात. १९३६ मध्ये बर्लिनला जेसी ओवेन्स खुरपीसारख्या अवजारानं ट्रॅकमध्ये पाय रोवायला खड्डे खणून पळाला होता. त्यानंतरच्या ऑलिंपिकांत ब्लॉक आले. आपलं पोरगं अजून दोस्ताच्या तळव्यावर आहे.

बर्लिनवरून आठवलं. त्याच १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं द्यायला गेलं होतं. मंडळ १९१४ चं. म्हणजे शारीरिक शिक्षण विदर्भाला नवीन आहे असं म्हणायची सोय नाही. याकडे परत येतो.

आपली जमीन काळी. पावसाळ्यात पायाला ढेकळं चिकटतात, उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात टाच अडकली की घोटा गेला. म्हणून पोरं डांबरी रस्त्यावर पळतात, आणि नडगीचं दुखणं घेऊन बसतात. ज्या मैदानावर फक्कीनं लेन आखलेल्या असतील ते मैदान नशीबवान. सिंथेटिक ट्रॅक विदर्भात नाहीतच असं नाही. नागपूरला मानकापूरला आहे, बल्लारपूरजवळ विसापूरला आहे. राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा डिसेंबर २०२३ मध्ये बल्लारपूरलाच झाल्या. पण यवतमाळहून मानकापूर दीडशे किलोमीटर. रोज कोण जाणार? मग पोरगं सिंथेटिकवर पहिल्यांदा पाय ठेवतं ते थेट स्पर्धेत. अनवाणी असेल तर तापलेल्या रबरावर एका हीटमध्ये तळपायाची सालटी निघतात. कोणाचे स्पाइक मागून घातले, तर सवय नसते म्हणून अडखळतं.

आणि घड्याळ! गावात मास्तर हातानं स्टॉपवॉच दाबतात. हातानं घेतलेली वेळ शंभर मीटरला इलेक्ट्रॉनिकपेक्षा कमीच येते. दोन्हींची तुलना करताना ०.२४ सेकंद मिळवायची रीत आहे. गावात ११.२ वाला हिरो मोठ्या स्पर्धेत ११.४४ वाला होतो, आणि पोराला वाटतं आपली हवाच गेली. हवा नाही रे गेली. घड्याळ बदललं.

खाण्याबद्दल थोडक्यात. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत. नववीत, म्हणजे नेमकं पोरगं झपाट्यानं वाढतं तेव्हा, ते ताट बंद. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या पोरींपैकी ५९ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी निघालं. रक्तच कमी असेल तर दोन धावांमधला दम भरून कुठून येणार? गंमत बघा, हरभरा, तूर, सोयाबीन, भुईमूग, प्रथिनांची सगळी पिकं आपल्या शिवारात. पोतं मार्केट यार्डात जातं, पोरीच्या ताटात पातळ वरण.

आणि बस. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातली निळी बस पोरींना शाळेत नेते-आणते, फुकट. त्या बसमुळे हजारो पोरी दहावीच्या पुढे शिकल्या, तिला नावं ठेवणार नाही. पण बस सुटते शाळा सुटल्या सुटल्या. सराव शाळा सुटल्यावर. बस चुकली तर पांदणीनं अंधारात पायी कोणती माय पाठवेल? गावातली वेगवान पोरगी बहुतेक वेळा बसच्या टायमानं हरते.

आता जमैका. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २७ लाख ७२ हजार. जमैका देश साधारण २८ लाखांचा. एक जिल्हा आणि एक देश, माणसं सारखीच. तिथून उसेन बोल्ट आला, शंभर मीटर ९.५८, बर्लिन, २००९. तिथून शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस आली, किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीतली, आई रस्त्यावर माल विकायची. २००८ आणि २०१२, दोन ऑलिंपिकचं शंभर मीटरचं सुवर्ण तिचं. बघा, तिथंही गरिबीच होती, असं म्हणाल. होती ना. पण तिथं शाळांची एक स्पर्धा आहे, 'चॅम्प्स' म्हणतात, १९१० पासून चालू आहे. राष्ट्रीय स्टेडियम शाळकरी पोरांच्या शर्यती बघायला खच्चून भरतं. शाळांना कोच आहेत, कारण १९८० मध्ये क्युबाच्या मदतीनं त्यांनी जी. सी. फॉस्टर कॉलेज उभं केलं, खास क्रीडाशिक्षक घडवायला. बोल्ट पंधराव्या वर्षी जागतिक ज्युनिअर विजेता होता. पंधराव्या वर्षी! आपलं पोरगं तेव्हा भरतीचं वय व्हायची वाट बघत असतं.

क्रीडाशिक्षक घडवणारी जुनी संस्था अमरावतीत आहेच, म्हणून मघाशी मंडळाचा विषय काढला. पण शिकून बाहेर पडलेला शिक्षक खेड्यात पोहोचतो का? शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर पटसंख्या असेल तरच शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, आहे. आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत तीन वर्गांत मिळून चाळीस पोरं. हिशोब संपला.

मग भरती वाईट का? अजिबात नाही. द्युती चंदचंच घर घ्या. जाजपूर जिल्ह्यातलं विणकरांचं घर, भावंडं भरपूर. तिची थोरली बहीण सरस्वती आधी पळायची, पळण्याच्या जोरावर पोलिसात लागली, आणि धाकटीला तिनंच मैदानात आणलं. एका बहिणीच्या नोकरीवर दुसरीचा वेग उभा राहिला. (पुढे द्युतीवर उत्तेजकांवरून चार वर्षांची बंदी आली, तेही खरं, भरतीच्या आधी इंजेक्शन शोधणाऱ्या पोट्ट्यांनी ते वाचावं.) आसामची हिमा दास भातशेतीवाल्या घरातली. तिची जिद्द सगळ्यांनी सांगितली. कोच निपोन दास तिला गाव सोडायला लावून गुवाहाटीला घेऊन गेले, राहायची-खायची सोय झाली, हे कमी लोक सांगतात. त्यानंतर २०१८ मध्ये फिनलंडला ज्युनिअर विश्वविजेतेपदाचं ४०० मीटरचं सुवर्ण आलं, ५१.४६ सेकंद.

आता भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीवाल्या भावांसाठी. भरतीला वय अठरा लागतं. तुमच्या ग्राउंडवर पंधरा वर्षांची पोरगी तेरा सेकंदांत शंभर मारत असेल, तर तिचे १५ गुण आजच खिशात आहेत. मग पुढची तीन वर्षं तिला रोज सोळाशेवाल्या पोरांच्या मागं कशाला पळवता? आठवड्यातून दोनच दिवस पूर्ण वेगाचे ठेवा, प्रत्येक धावेनंतर सात-आठ मिनिटं दम घेऊ द्या, बाकी दिवस उड्या, चढण, ताकद. घरच्यांना सांगा, मूठभर भिजवलेला हरभरा आणि गूळ-शेंगदाणे रोज. दोन अकॅडम्यांनी मिळून एक जोडी ब्लॉक घ्या, फार महाग नसतात. सोंगणीच्या आठवड्यात ग्राउंडवरच्या पाच पोरांनी तिच्या धुऱ्यावर एक दिवस हात लावला, तर तिला जिल्ह्याच्या स्पर्धेला जाता येतं. हे मी काही ठिकाणी होताना पाहिलंय.

आणि शालेय स्पर्धांसाठी शाळेत नाव द्या. १७ वर्षांखालील गटात, तालुक्यापासून. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे; त्याला कोणत्या स्पर्धेचं कोणतं पदक चालतं, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात पोरगी दहावीत असतानाच विचारून ठेवा. मला वाटतं, ते तीन सेकंद विकले जाण्याची एकच खिडकी आहे आणि गावात तिचा पत्ता कोणी सांगत नाही. जन्मदाखला, शाळेचं ओळखपत्र, आधार, फोटो, एवढं एका पिशवीत तयार ठेवा. नोंदणीची तारीख मुख्याध्यापकांकडे येते, ती विचारायला पावसाळा सुरू झाला की लगेच जा. दिवाळीनंतर गेलात तर ते वर्ष गेलं.