निळ्या खुणेची हमी

पडद्यावर दिसत असलेली ही ट्वीट १५ जुलै २०२० या दिवसाची आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा दुपार कलली होती आणि भारतात मध्यरात्र उलटून गेली होती. इलॉन मस्क, बिल गेट्स, जेफ बेझोस, बराक ओबामा, त्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक लढवणारे जो बायडन आणि पाठोपाठ ॲपल व उबर या कंपन्या, अशा एकेका खात्यावर जवळजवळ सारखाच मजकूर झळकू लागला. दिलेल्या पत्त्यावर बिटकॉइन हे डिजिटल चलन पाठवा, दुप्पट करून परत देऊ, असे त्यात म्हटले होते. गेट्स यांच्या नावाने तर रक्कमही सांगितली होती. एक हजार डॉलर पाठवणाऱ्याला दोन हजार परत मिळणार होते आणि त्यासाठी मुदत होती केवळ ३० मिनिटांची. या प्रत्येक नावापुढे दिसणारी, खाते पडताळून पाहिल्याची निळी खूण ट्विटरनेच दिलेली होती, आणि ज्या खात्यांवरून हे आवाहन झाले ती खातीही त्या त्या व्यक्तींचीच होती.

अशी दामदुप्पट योजना ट्विटरवर काही त्या दिवशी अवतरली नाही. मस्क यांच्या खऱ्या ट्वीटखाली त्यांच्याच नावाची आणि छायाचित्राची बनावट खाती उत्तरे लिहीत आणि घाईत वाचणाऱ्याला ते एकाच माणसाचे बोलणे वाटे. २०१८ मध्ये ट्विटरने स्वतःचे नाव बदलून ‘इलॉन मस्क’ करणारी, पडताळणी न झालेली खाती बंद करायला सुरुवात केली. त्यावर भामट्यांनी उपाय शोधला तो साधाच होता. ज्यांच्याकडे निळी खूण आधीपासून आहे अशांची खाती त्यांनी बळकावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाथे या चित्रपट कंपनीचे ब्रिटनमधील खाते आणि मॅटलान या कपड्यांच्या ब्रिटिश दुकानांचे खाते मस्क यांच्या नावाने बिटकॉइन वाटू लागले होते. धोका कोणत्या दिशेने येतो आहे, हे कंपनीला कळण्यासाठी यापेक्षा वेगळा इशारा लागत नव्हता.

जुलै २०२० मध्ये मात्र एकेका खात्याचा पासवर्ड शोधत बसण्याची गरजच उरली नाही. आता दिसते आहे ते ट्विटरच्या कर्मचाऱ्यांच्या वापरातील अंतर्गत पॅनल, ज्याची चित्रे त्याच दिवशी बाहेर फुटली. या पडद्यावरून कोणत्याही खात्याशी जोडलेला ईमेल पत्ता बदलता येत असे, आणि तो बदलला की खाते नव्या मालकाच्या हाती जाई. न्यू यॉर्क राज्याच्या वित्तीय सेवा विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात तेथवर पोहोचण्याची वाट तपशीलवार नोंदवली आहे. कोविडमुळे मार्चपासून कर्मचारी घरून काम करत होते आणि घरून कंपनीच्या जाळ्याशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या व्हीपीएनच्या तक्रारी रोजच्याच झाल्या होत्या. भामट्यांनी काही कर्मचाऱ्यांना फोन केले, आपण कंपनीच्याच आयटी विभागातून बोलत असून व्हीपीएनची अडचण सोडवण्यासाठी फोन केला आहे असे सांगितले, आणि हुबेहूब कंपनीच्या लॉगइनसारख्या दिसणाऱ्या पानावर जाण्यास सुचवले. कर्मचारी त्या पानावर पासवर्ड भरत असतानाच भामटे तोच पासवर्ड खऱ्या पानावर भरत होते, त्यामुळे दुसऱ्या टप्प्याची खातरजमा करणारी सूचना कर्मचाऱ्याच्या फोनवर खरोखरीच आली आणि त्यांपैकी काहींनी तिला होकार दिला.

येथे दोष फोन उचलणाऱ्यावर टाकून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. रॉयटर्सने त्या वेळी माजी कर्मचाऱ्यांच्या हवाल्याने दिलेल्या बातमीनुसार खात्यांमध्ये बदल करू शकणारी साधने हजाराहून अधिक कर्मचारी व कंत्राटदारांच्या आवाक्यात होती. राज्याच्या अहवालानुसार माहिती सुरक्षेची धुरा वाहणारे सर्वोच्च पद डिसेंबर २०१९ पासून रिकामे होते. जगातील राष्ट्रप्रमुख ज्या ठिकाणी आपले म्हणणे मांडतात, त्या ठिकाणाच्या किल्ल्या इतक्या सैलपणे ठेवल्या गेल्या होत्या.

त्या संध्याकाळी ट्विटरने निळी खूण असलेल्या बहुतेक खात्यांना काही तास लिहिण्यापासूनच रोखले, आणि इलिनॉय राज्यातील हवामान कार्यालयाला टॉर्नेडो या भोवऱ्यासारख्या वादळाचा इशारा ट्विटरवरून देता आला नाही. एकूण १३० खाती लक्ष्य झाली, त्यांपैकी ४५ खात्यांवरून ट्वीट केली गेली. भामट्यांच्या हाती १ लाख १८ हजार डॉलरांच्या आसपास रक्कम लागली. कॉइनबेससारख्या क्रिप्टो कंपन्यांनी तो पत्ता वेळीच अडवला नसता, तर ती याच्या कितीतरी पट झाली असती, कारण दहा लाख डॉलरांहून अधिक रकमेचे हजारो व्यवहार त्यांनी रोखले. फ्लोरिडातील १७ वर्षांच्या मुलाला पुढे तीन वर्षांची कैद झाली आणि एका ब्रिटिश साथीदाराला २०२३ मध्ये पाच वर्षांची.

हीच दामदुप्पट योजना यूट्यूबवरही चालते, आता तिकडे वळू. या थेट प्रक्षेपणात मस्क बोलताना दिसतात ते जुन्याच मुलाखतीत, आणि भोवतीच्या चौकटीत क्यूआर कोड व संकेतस्थळाचा पत्ता तेवढा नवा आहे. चॅनेल मिळवण्याची रीतही ठरलेली आहे. लाखो सदस्य असलेल्या चॅनेलच्या मालकाला जाहिरातीचा प्रस्ताव ईमेलने येतो आणि सोबतची फाइल उघडताच त्याच्या ब्राउझरमधील कुकी, म्हणजे लॉगइन झाल्याची नोंद ठेवणाऱ्या छोट्या फाइल, चोरल्या जातात. लॉगइन आधीच झालेले असल्याने पासवर्ड किंवा ओटीपी लागतच नाही. चॅनेलचे नाव बदलते, जुने व्हिडिओ लपवले जातात आणि वर्षानुवर्षे जमवलेला प्रेक्षकवर्ग आयता मिळतो. क्यूआर कोडवरून उघडणाऱ्या पानावर सरकणारी ही यादी पाहा. कुणी बिटकॉइन पाठवले आणि कुणाला दुप्पट मिळाले, अशा नोंदी तेथे सतत वर सरकत असतात. त्या रचलेल्या असतात. पाठवलेले बिटकॉइन मात्र खरे असते आणि बँकेकडे तक्रार करून थांबवावे तसे ते परत फिरवता येत नाही. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२१ या सहा महिन्यांत केवळ मस्क यांच्या तोतयांनी लुबाडलेल्या २० लाख डॉलरांहून अधिक रकमेच्या तक्रारी आल्या.

भारतातील नामवंत खातीही यातून सुटलेली नाहीत. १२ डिसेंबर २०२१ च्या पहाटे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या खात्यावरून, देशाने बिटकॉइनला कायदेशीर चलन मानले असून सरकार ५०० बिटकॉइन नागरिकांना वाटत आहे, असे ट्वीट झाले आणि थोड्याच वेळात काढले गेले. महिनाभराने माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या खात्याचे नाव काही काळ ‘इलॉन मस्क’ झाले होते. आणि हे चित्र २० सप्टेंबर २०२४ चे आहे. घटनापीठाच्या सुनावण्या जेथे थेट दाखवल्या जातात, त्या सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब चॅनेलवर रिपल या क्रिप्टो कंपनीचे नाव आणि एक्सआरपी या क्रिप्टो चलनाचा प्रचार दिसत होता.

ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲक यांचा चेहराही अशा व्हिडिओंत वारंवार वापरला गेला. जुलै २०२० मध्ये त्यांनी आणि फसवल्या गेलेल्या आणखी १७ जणांनी यूट्यूबवर कॅलिफोर्नियात दावा दाखल केला. इतरांनी टाकलेल्या मजकुराबद्दल मंचाला जबाबदार न धरणाऱ्या अमेरिकी कायद्याच्या आधारे खालच्या न्यायालयाने तो फेटाळला. मार्च २०२४ मध्ये अपील न्यायालयाने बहुतेक मुद्द्यांवर तोच निष्कर्ष कायम ठेवला, परंतु एका मुद्द्यावर वादींना दावा सुधारून मांडण्याची परवानगी दिली. बळकावलेल्या चॅनेलपुढची पडताळणीची खूण भामट्यांनी लावलेली नसून यूट्यूबनेच दिलेली होती, हा तो मुद्दा होता.