पेंग्विनच्या दारात

नमस्कार श्रोतेहो.

अंटार्क्टिकाच्या जमिनीवर पाय ठेवण्याआधी जहाजावर एक मजेदार कार्यक्रम असतो. व्हॅक्युम क्लीनर लावून प्रत्येकाची जॅकेटं, पाठपिशव्या साफ करायच्या. खिसे उलटे करायचे, व्हेल्क्रोच्या पट्टीत अडकलेली गवताची कुसळं चिमट्याने एकेक उपसायची, मग गमबूट जंतुनाशकात बुडवायचे. आपल्याकडच्या सोवळ्याचीच आठवण यावी! पण इथलं कारण पक्कं आहे. युरोपातलं एक साधं गवत माणसांबरोबर अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर पोचलं आणि तिथे चक्क रुजलं.

पर्यटन कंपन्यांनी 1991 साली संघटना काढून स्वतःलाच नियम घालून घेतले. एका ठिकाणी एका वेळी शंभरच प्रवासी उतरणार. पाचशेहून जास्त प्रवासी असतील, तर त्या जहाजातून कुणीच उतरायचं नाही. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. बर्ड फ्लू तिथवर पोचल्यापासून बर्फावर बसायलाही बंदी. हे नियम बऱ्यापैकी पाळलेही जातात, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती बेरजेची. एका वेळी शंभर, ठीक. पण अख्ख्या हंगामात किती? त्याला मर्यादाच नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला दहा हजारही माणसं जात नव्हती. 2023-24 मध्ये लाखाच्या वर गेली. बहुतेक सगळी चार-पाच महिन्यांत, एकाच अंटार्क्टिक द्वीपकल्पावर. जहाजांच्या धुराची काजळी बर्फावर बसते, काळवंडलेला बर्फ ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. 2007 मध्ये ‘एक्सप्लोरर’ हे पर्यटक जहाज तिथे बुडालं. माणसं सगळी वाचली, जहाज मात्र तळाशीच आहे.

गोव्यात वास्कोला आपली ध्रुवीय संशोधन संस्था आहे, अंटार्क्टिकातली ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही केंद्रं तीच चालवते. त्यामुळे हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. 2024 च्या मे महिन्यात अंटार्क्टिक करारातल्या देशांची बैठक कोचीला भरली, तेव्हा पर्यटनासाठी सर्वांना लागू होईल अशा नियमावलीवर काम सुरू झालं. पण मताचा हक्क असलेले देश 29, आणि एकाने जरी होकार दिला नाही तरी गाडं अडतं.

तोवर काम वाटाड्यांवर. पाहुण्यांच्या बुटांनी बर्फात खोल खड्डे पडतात, त्यात पेंग्विन अडकू शकतो. म्हणून परतताना ते फावड्याने एकेक ठसा बुजवतात आणि शेवटच्या होडीत चढतात. सकाळी दुसरं जहाज यायचं असतं.