चुकवलेला माणूस

मंडळी, 'चुकवणं' हा आपल्याकडचा मोठा सोयीचा शब्द आहे. ठोसा चुकवता येतो, तसा माणूसही. डोकं दोन इंच खाली गेलं, हातमोजा कानाला वारा घालून निघून गेला, की आपण टाळ्या पिटतो. त्याच बॉक्सरनं समोरचा माणूसच चुकवला की आपण त्याला भित्रा ठरवून मोकळे. इंग्रजीतही दोन्हींना 'डक' हा एकच शब्द. आज ह्या दुसऱ्या चुकवण्याबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात स्वतःपासूनच करतो.

हौशी बॉक्सिंगमध्ये चिठ्ठ्या पडतात. ज्याचं नाव निघेल त्याच्याशी लढायचं, नाहीतर घरी जायचं. आणि ज्या दिवशी लढत, त्या सकाळी पुन्हा वजन. एका स्पर्धेत मी पहिली लढत जिंकलो आणि दुसरीत समोर एक डावखुरा आला. त्यानं आधी एकदा मला बरगड्यांखाली असा ठोसा दिला होता की दोन दिवस शिंकायचीही धास्ती. सकाळी वजनाच्या खोलीत जाण्याआधी मी नळाला तोंड लावलं आणि पोट टम्म होईपर्यंत पाणी प्यालो. काटा माझ्या वजनगटाच्या मर्यादेच्या चारशे ग्रॅम पुढे गेला. बाद! चेहरा पाडून बाहेर आलो. कोच काही बोलले नाहीत, फक्त माझ्या भिजलेल्या कॉलरकडे बघत राहिले.

ती भीती होती, निखळ. म्हणूनच सांगतो, व्यावसायिक बॉक्सिंगमधलं टाळणं बहुतेक वेळा ह्या जातीचं नसतं.

तिथे चिठ्ठीच नसते. मॅनेजर, प्रमोटर, टीव्हीवाले, सगळे एका टेबलाशी बसतात तेव्हा कुठे लढत ठरते. वर डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार संघटना, प्रत्येकीचा विजेता वेगळा आणि प्रत्येकीचा अनिवार्य आव्हानवीर वेगळा. त्याच्याशी लढला नाहीस तर विजेतेपदाचा पट्टा काढून घेऊ, असा नियम. मग विजेता पट्टा आपणहून सोडतो, किंवा आव्हानवीराच्या हातावर पैसे टेकवून म्हणतो, ह्या खेपेला बाजूला हो, पुढचा नंबर तुझा. 'नाही' असं कुणीच म्हणत नाही. सगळे म्हणतात, 'हो, पण.'

१९९२च्या डिसेंबरमध्ये हेवीवेटचा, म्हणजे सर्वांत जड वजनगटाचा, जगज्जेता रिडिक बो ह्यानं लंडनमध्ये पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसीचा पट्टा चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला. आव्हानवीर होता लेनॉक्स लुईस, ज्यानं १९८८च्या सोल ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत ह्याच रिडिक बोला दुसऱ्याच फेरीत थांबवलं होतं. बोच्या बाजूनं पैशांच्या वाटणीची कारणं होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण लोकांच्या लक्षात राहिला तो डबा.

मेवेदर आणि पॅकियाओ ह्या आपल्या काळातल्या दोन बड्या बॉक्सरांचं सगळ्यांना ठाऊक आहे. २००९च्या अखेरीस बोलणी झाली, उत्तेजकांसाठीच्या रक्तचाचणीवरून फिसकटली, आणि लढत झाली २ मे २०१५ला. तोवर एक अडतीसचा, दुसरा छत्तिसाचा. कोण कुणाला घाबरला ह्यावर अजून भांडणं चालतात. मला त्यात रस नाही. थांबल्यामुळे दोघांचेही खिसे अधिक भरले. नुकसान झालं असेल तर बघणाऱ्यांचं. हे टाळणं असेल, पण ह्यात बळी कुणाचा गेला नाही.

मी टाळणं ओळखतो ते वेगळ्या खुणेनं: वाट बघताना म्हातारं कोण झालं?

पिट्सबर्गचा बॉक्सर चार्ली बर्ली. १९४४मध्ये त्यानं आर्ची मूरला हरवलं. मूरला स्वतःला जगज्जेतेपद मिळालं १९५२च्या डिसेंबरात, व्यावसायिक कारकिर्दीच्या सतरा वर्षांनंतर. बर्लीला त्यासाठीची लढत कधीच मिळाली नाही. त्याच्याशी लढणं म्हणजे हरण्याचा धोका भरपूर आणि तिकिटं फारशी खपणार नाहीत. असा सौदा कोणता मॅनेजर करेल? पुढे ह्या माणसानं शहरात कचरा उचलण्याची नोकरी केली.

आणि हॅरी विल्स. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ हेवीवेटचा जगज्जेता होता, आणि त्यातली बरीच वर्षं विल्स त्याच्या दारात उभा होता. डेम्प्सी त्याला घाबरत होता असं मला वाटत नाही. तो कुणाला घाबरत असेल असंच वाटत नाही. अडचण विल्सच्या काळ्या कातडीची होती. १९१०मध्ये जॅक जॉन्सन ह्या काळ्या विजेत्यानं गोऱ्या जेफ्रीजला हरवलं तेव्हा अमेरिकेत दंगली पेटल्या होत्या. त्या लढतीचा प्रमोटर आणि पंच होता टेक्स रिकार्ड, आणि पुढे डेम्प्सीच्या मोठ्या लढती भरवणाराही तोच. जॉन्सन १९१५ला हरला. त्यानंतर हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी काळा माणूस रिंगमध्ये उतरला तो थेट १९३७ला, जो लुईस. बावीस वर्षं! एवढं एकट्या बॉक्सरच्या भित्रेपणानं होत नाही.

१९२५मध्ये डेम्प्सी-विल्स करार झालाही. डेम्प्सीची आगाऊ रक्कम आलीच नाही आणि सगळं मोडलं. विल्सला मात्र पन्नास हजार डॉलर मिळाले, न लढल्याचे. १९२६मध्ये न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगानं डेम्प्सीला बजावलं, आधी विल्सशी लढ. तर जीन टनी ह्या दुसऱ्याच आव्हानवीराविरुद्धची लढत उचलून फिलाडेल्फियाला नेली. २३ सप्टेंबरला तिथे डेम्प्सी हरला. म्हणजे विल्सनं ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली, त्याच्याकडे आता द्यायला काहीच उरलं नव्हतं.

विल्स तेव्हा सदतीस वर्षांचा होता. तीन आठवड्यांनी ब्रुकलिनमध्ये तो जॅक शार्कीसमोर उभा राहिला. शार्की तेविसाचा. विल्सचे पाय जड झाले होते, फेऱ्यामागून फेऱ्या तो मार खात गेला, आणि शेवटी नियमबाह्य ठोशासाठी पंचांनी त्यालाच बाद केलं.