आतड्याच्या कडेपर्यंत पोहोचणारे रक्त

(तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात एका सर्जनने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अडकलेल्या हर्नियाचे ऑपरेशन करताना सर्जनपुढे एकच प्रश्न असतो: हातात आलेले आतडे जगेल का? पोटाच्या भिंतीतल्या फटीत आतडे अडकले की आधी पातळ भिंतीच्या नीला दाबल्या जातात. रक्त आत येत राहते, परत मात्र जात नाही, आणि आतडे सुजून जांभळे पडते. पुढे रोहिणीही बंद होते. आपल्याकडचा रुग्ण बहुधा या दुसऱ्या टप्प्यावरच पोहोचतो, कारण पोट दुखू लागले की आधी ओवा खाऊन पाहिला जातो, मग गावातच एखादे इंजेक्शन होते, आणि सोयाबीनची सवंगणी चालू असेल तर त्यात आणखी एक दिवस जातो.

काळे पडलेले आतडे कापून टाकणे फारसे अवघड नाही. कुठपर्यंत कापायचे हे ठरवणे अवघड आहे. पिढ्यान्‌पिढ्या सर्जन त्यासाठी चार गोष्टी पाहत आले: रंग परत येतो का, आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात नाडी लागते का, हलका चिमटा घेतल्यावर आतडे आकसते का, आणि कापलेल्या कडेतून लाल रक्त येते का. ही लक्षणे उपयोगाची आहेत, पण ती बाहेरून दिसणारी आहेत, आणि रक्त तुटले की आतडे आतून मरू लागते. सर्वांत आधी आतले अस्तर जाते, स्नायूंचा थर नंतर. उमेदवारीच्या काळात मी गुलाबी दिसणारी दोन टोके समाधानाने जोडली होती. पाचव्या दिवशी रुग्णाला ताप भरला, पोट ताठ झाले आणि जोड गळल्याचे कळले. तो रंग मला अजून आठवतो. त्यात मला काहीही वावगे दिसले नव्हते.

डोळ्यांची ही मर्यादा ओलांडण्यासाठी आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य आणि त्यासोबतचा अवरक्त कॅमेरा. हे द्रव्य नवे नाही. अमेरिकेत १९५९ सालीच त्याला वैद्यकीय वापराची परवानगी मिळाली होती, मात्र तेव्हा ते यकृताचे आणि हृदयाचे काम मोजण्यासाठी वापरत. २५ मिलिग्रॅमच्या कुपीतली हिरवट भुकटी निर्जंतुक पाण्यात विरघळवून त्यातला थोडा भाग शिरेतून देतात. रक्तातील प्रथिनांना चिकटून ते अर्ध्या-एक मिनिटात आतड्यापर्यंत पोहोचते, सुमारे ८०० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते आणि ८३० च्या आसपासचा परत टाकते. तो उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याला हिरवा रंग दिला जातो. काही मिनिटांत यकृत ते पित्तात सोडू लागते. नेहमीच्या औषधात आयोडाइड असते, त्यामुळे ॲलर्जीची विचारणा आधी करावी लागते.

हा हिरवा रंग कसा वाचायचा, हे मी संत्र्याच्या बागेवरून सांगतो. ठिबकचा पंप सुरू केल्यावर शेवटच्या झाडाखालची माती किती वेळात ओली होते, हे पाहिले तर नळी कुठे तुंबली आहे ते कळते. तासाभराने गेलात तर तिथेही ओल सापडेल, पण ती त्याच झाडाच्या ड्रिपरची की शेजारून झिरपत आलेली, हे सांगता येणार नाही. आतड्याचेही तसेच आहे. निकामी तुकड्यातही रंग बाजूने हळूहळू पसरतो आणि पाच मिनिटांनी सगळेच हिरवे दिसते. म्हणून किती चमकते यापेक्षा कधी चमकले याला महत्त्व द्यावे, असे माझे मत आहे. रंग आला आणि मग ओसरलाच नाही, तर नीला तुंबल्या आहेत का, हेही तपासावे.

आणखी एक बाब आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. हे द्रव्य रक्तद्रवातून वाहते, तर प्राणवायू लाल पेशींतून. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या वाकड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. अशा रुग्णात पडद्यावरचा हिरवा रंग पाहून मी निश्चिंत होत नाही. ऊतीतल्या प्राणवायूचा अंदाज हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा देतो. तो अनेक तरंगलांबींवर परावर्तित प्रकाश मोजतो आणि त्याला इंजेक्शन लागत नाही. लेझर स्पेकल पद्धतीतही ते लागत नाही. लेझरच्या उजेडात दिसणारे बारीक ठिपके वाहत्या पेशींमुळे पुसट होतात, आणि त्या पुसटपणावरून प्रवाह कळतो. पण आतडे स्वतःच हलते, श्वासाबरोबर पोटही हलते, त्यामुळे चित्र बिघडते.

हिरव्या रंगाच्या या कॅमेऱ्यामुळे जोड गळणे कमी होते का? मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांवर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या रशियन चाचणीत गळतीचे प्रमाण १६.३ वरून ९.१ टक्क्यांवर आले. पुढच्याच वर्षीच्या अमेरिकन चाचणीत मात्र ते कॅमेऱ्याविना ९.६ आणि कॅमेऱ्यासह ९ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच राहिले. मला याचे फारसे आश्चर्य वाटत नाही. जोडावर ताण असेल, रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल, किंवा रुग्ण दिवसाला चार पुड्या खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, खात असेल, तर कॅमेरा त्याला काय करणार? (खर्ऱ्याचे नाव घेताच मागच्या रांगेतले दोघे हसले, त्यांनी ऑपरेशनआधी मला भेटून जावे.)

आणि कॅमेरा नसेल तेव्हा? आतडे कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळावे, भूलतज्ज्ञाला शंभर टक्के ऑक्सिजन द्यायला सांगावे, घड्याळ लावून दहा मिनिटे थांबावे आणि मग पुन्हा पाहावे. ही दहा मिनिटे फार लांबतात. हात काहीतरी करायला शिवशिवतात. तरीही शंका राहिली, तर जोड न करता टोके पोटावर बाहेर काढून ठेवावीत, किंवा एक-दोन दिवसांनी पोट पुन्हा उघडून पाहावे. मळ गोळा करणारी पोटावरची पिशवी घेऊन वावरात कसे जायचे, असे नातेवाईक विचारतात. ती बहुतेकदा काही महिन्यांपुरतीच असते, हे ऑपरेशनला नेण्यापूर्वीच त्यांच्याशी बसून बोलावे लागते.