पान ११ वरचे साडेचार गुण

(दृश्य : नंदुरबार, मिरचीच्या पथाऱ्या, सकाळ)

नंदुरबार शहराच्या बाहेर हिवाळ्यात लाल मिरचीचे असे थर दूरवर पसरलेले दिसतात. शेतातून आलेली ओली मिरची इथे पथाऱ्यांवर वाळते, देठ खुडून निवडली जाते आणि पोत्यांत भरून मसाल्याच्या कारखान्यांकडे रवाना होते. देठ खुडणाऱ्या या बायांपैकी एकीची मुलगी कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाचव्या सत्राचा निकाल लागला तेव्हा तिच्या गुणपत्रकात भूगोलाच्या एका विषयासमोर ‘एफ’, म्हणजे अनुत्तीर्ण, ही श्रेणी आली. तिच्या विनंतीवरून तिचे, तिच्या महाविद्यालयाचे आणि विद्यापीठाचे नाव आपण घेत नाही. मात्र तिला जे पाहावे लागले, ते राज्यातल्या असंख्य पदवी विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

हे तिचे गुणपत्रक. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये निवड-आधारित श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीसाठी दहा अंकांची श्रेणीपट्टी सुचवली. त्यात सर्वोच्च श्रेणीला १०, नुसत्या उत्तीर्णाला ४ आणि अनुत्तीर्णाला ० श्रेणी अंक आहेत. प्रत्येक विषयाचे श्रेयांक आणि त्यात मिळालेला श्रेणी अंक यांचा गुणाकार करून, त्याच्या बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागले की सत्राची सरासरी निघते. समजा चार-चार श्रेयांकांचे पाच विषय आहेत आणि त्यांपैकी चारांत ८ श्रेणी अंक मिळाले आहेत. पाचव्यात ६ असतील तर सरासरी ७.६ येते आणि शून्य असेल तर ६.४ वर येते. दोन-तीन गुणांची चूक या पट्टीवर अशी सहा अंकांची दरी होते. म्हणूनच, जी पद्धत सीमारेषेवर इतकी कठोर आहे, तिच्यात बेरीज तरी बिनचूक असली पाहिजे, असे आम्हांला मनापासून वाटते.

या विषयाची लेखी परीक्षा ६० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन ४० गुणांचे होते, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे ४० टक्के मिळवणे बंधनकारक होते. अंतर्गत मूल्यमापनात तिला ३१ गुण होते. लेखीत २४ हवे होते आणि गुणपत्रकात २२ दिसत होते.

(दृश्य : ऑनलाइन फॉर्मचे दुकान)

उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीचा अर्ज ऑनलाइन करावा लागतो, म्हणून विद्यार्थी महाविद्यालयासमोरच्या या दुकानात येतात. झेरॉक्स मशीन, दोन संगणक आणि बाहेर लटकणारी ‘सर्व फॉर्म भरून मिळतील’ ही पाटी एवढाच या दुकानाचा पसारा आहे. मोबाइलवर ओटीपी येतो, पण तो मोबाइल आईजवळ, म्हणजे पथारीवर असतो. फोन लावून आकडे विचारेपर्यंत पान बंद पडते आणि सगळे पुन्हा भरावे लागते. शुल्काची पावती छापून घ्यायची, तिच्यासोबत गुणपत्रकाची प्रत जोडायची, प्राचार्यांची सही आणि शिक्का घ्यायचा आणि मग तो कागद खिडकीवर द्यायचा. खिडकीवर तिला उत्तर मिळाले, “साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी ये.” सोमवारी सही झाली, पण शिक्का दुसऱ्या टेबलावर होता आणि त्या टेबलाची चावी ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते. अर्जाची मुदत मात्र त्याच आठवड्यात संपत होती, आणि ती विद्यार्थ्यासाठी वाढत नसते.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही. त्यामुळे पुढचा भाग आपण तिच्या हाती आलेल्या कागदांवरूनच पाहणार आहोत.

(दृश्य : छायाप्रत, अगदी जवळून)

ही तिची उत्तरपत्रिका. पान ११ वर प्रश्न ४, उपप्रश्न ‘ब’ सुरू होतो. तापीच्या खोऱ्याची भूरचना स्पष्ट करा, असा प्रश्न आहे. तिने पेन्सिलीने लहानसा नकाशा काढला आहे : वर सातपुड्याची रांग, खाली सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मध्ये पश्चिमेकडे वाहणारी तापी आणि नदीच्या दोन्ही बाजूंना खचदरी दाखवणाऱ्या तुटक रेषा. समासात परीक्षकाचा लाल आकडा आहे, साडेचार. आता मुखपृष्ठ पाहू. इथल्या गुणांच्या चौकटीत ‘४ ब’ या खान्यात आडवी रेघ आहे आणि शेवटी एकूण २२ लिहिले आहेत. आत दिलेले साडेचार गुण बाहेर आलेच नाहीत. ते धरले तर बेरीज साडेसव्वीस होते आणि ती उत्तीर्ण ठरते.

हा कागद तिच्या हाती येऊ शकला, त्यामागे एक लढाई आहे. उत्तरपत्रिका ही माहितीच आहे आणि ती पाहण्याचा परीक्षार्थीला अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात दिला. परीक्षकाची ओळख गुप्त ठेवावी, पण तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला दाखवावी, असे न्यायालयाने स्पष्ट केले. विद्यापीठाकडून प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक असते. खान्देशातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर ही माहिती लावलेली असायला हवी.

चूक डोळ्यांना दिसत असूनही ती तिथल्या तिथे दुरुस्त झाली नाही. छायाप्रतीचा अर्ज वेगळा आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज वेगळा, त्याचे शुल्क वेगळे, त्यासाठी विषयशिक्षकाचा अभिप्राय, आणि त्या अभिप्रायावर पुन्हा प्राचार्यांची सही. बेरजेतली चूक परीक्षा यंत्रणेची होती. ती दाखवून देण्याचा खर्च, बसभाडे आणि बुडालेले तास मात्र मुलीचे होते. संध्याकाळी पथारीवरून परतलेली आई अहिराणीत एवढेच विचारायची, “निकाल लागना का?”

या सगळ्यात आमचा आक्षेप सर्वांत जास्त आहे तो पुढच्या टप्प्याला. पुनर्मूल्यांकनाचा निकाल येण्याआधीच उन्हाळी परीक्षेचे अर्ज सुरू झाले. विषय अडकलेला दिसत असल्यामुळे तिला एटीकेटीचा, म्हणजे राहिलेला विषय पुन्हा देण्याचा, अर्ज शुल्कासह भरावा लागला, कारण तो न भरता पुनर्मूल्यांकनात ती नापासच राहिली असती, तर परीक्षेला बसण्याची संधी गेली असती. ज्या विषयात ती उत्तीर्ण होती, त्याच विषयात नापास म्हणून तिने पैसे भरले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाने परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल जाहीर करण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत तो लावायचा असतो. ज्या कळकळीने कायद्याने पहिल्या निकालाला मुदत घातली, त्याच कळकळीने दुरुस्त निकालालाही ती पाळली गेली पाहिजे.

(दृश्य : दुरुस्त गुणपत्रक)

एप्रिलमध्ये दुरुस्त गुणपत्रक आले. साडेसव्वीस पूर्णांकात धरून लेखी गुण २७, विषय उत्तीर्ण. एटीकेटीचे शुल्क परत मिळाले नाही आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत तोवर टळून गेली होती.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे आवश्यक केले आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर समाधान झाले नाही तर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येते. ही मुलगी आणि तिच्याच वर्गातल्या, असाच अनुभव आलेल्या आणखी तिघींनी मिळून समितीकडे अर्ज दिला आहे. छायाप्रतीत बेरजेची किंवा गुण न चढवल्याची चूक उघड दिसत असेल, तर प्राचार्यांच्या पडताळणीवर ती शुल्काविना दुरुस्त व्हावी, आणि पुनर्मूल्यांकन प्रलंबित असताना भरून घेतलेले एटीकेटीचे शुल्क विषय सुटताच परत मिळावे, अशी त्यांची मागणी आहे. अर्जाची पोच त्यांनी आवक क्रमांकासह घेतली आहे. समितीची बैठक अजून लागलेली नाही. ती लागेल तेव्हा चौघीही स्वतः हजर राहून आपापल्या छायाप्रती समितीपुढे ठेवणार आहेत.