स्वस्त सेमी-हॉलो गिटार सुधारायची कुठून?

(तालुक्याच्या गावी एका वाचनालयात वादक मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, माझा पोटापाण्याचा धंदा विहिरीवरच्या विजेच्या मोटारी भरण्याचा, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळण्याचा आहे. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या की जळालेल्या मोटारींची माझ्या दुकानापुढे रांग लागते. धान निघून मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे दिवस सुरू झाले की मी दुकान मुलाच्या हाती सोपवतो आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत गिटार वाजवायला बाहेर पडतो. या दोन कामांमुळे आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांच्या, ऑर्केस्ट्रांच्या आणि नाटक कंपन्यांच्या गिटारी माझ्या टेबलावर येतात. त्यांत पंचवीस-तीस हजारांच्या आतबाहेरच्या सेमी-हॉलो पुष्कळ असतात आणि त्या आणणाऱ्या मुलांचे पहिले वाक्य ठरलेले असते, "काका, इचे पिकअप बदलवून द्या जी." त्यांना मी जे सांगतो, तेच आज सविस्तर सांगणार आहे. पिकअप, म्हणजे तारेच्या कंपाचा विजेचा संकेत करणारे तारांखालचे चुंबकी भाग, सगळ्यांत शेवटी घ्यावेत. तार जिथे जिथे टेकते तिथून सुरुवात करावी, आणि पाकिटाला हात घालण्याआधी बारीक मापे घेणारे व्हर्नियर हातात घ्यावे.

प्रथम ही गिटार आहे कशी, ते पाहू. तिच्या दोन्ही बाजू पोकळ असतात, वरच्या फळीला एफ अक्षराच्या आकाराची दोन छिद्रे असतात, आणि मधोमध नेकच्या, म्हणजे मानेच्या सांध्यापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाकडाचा भरीव ठोकळा बसवलेला असतो. गिब्सन कंपनीने १९५८ साली ईएस-३३५ या नावाने ही बांधणी बाजारात आणली. त्याआधीची पूर्ण पोकळ गिटार मोठ्या आवाजात वाजवली की स्पीकरच्या आवाजाने तिचे पोट थरथरे, ते थरथरणे तारांत उतरे, तारांतून पुन्हा स्पीकरमध्ये जाई आणि बघता बघता शिट्टी सुरू होई. मधल्या ठोकळ्याने हे थरथरणे बरेच आवरले. आपल्या नाटकाच्या मांडवात वादक बसतात तिथून चार हातांवर स्पीकरची उतरंड रचलेली असते, त्यामुळे पूर्ण पोकळ गिटार तिथे आणण्याच्या मी विरोधात आहे.

स्वस्त गिटारचे अंग प्लायचे असते म्हणून नाक मुरडणारे बरेच भेटतात. मुळातली ईएस-३३५ सुद्धा थर चिकटवलेल्या फळीचीच आहे, हे त्यांच्या गावी नसते. ठोकळा, सांधा, फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) खाचांची मांडणी ही कामे आता यंत्रावर होतात आणि स्वस्त गिटारीतही ती बहुधा नीट झालेली असतात. काटकसर होते ती नट (नेकच्या डोक्याशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी), ब्रिज, स्विच, पॉट (आवाज कमीजास्त करणारा फिरता रोध), जॅक अशा किडुकमिडुक भागांत आणि शेवटच्या हाताच्या जुळवणीत, म्हणजे नेमकी आपल्याला घरबसल्या दुरुस्त करता येईल अशा ठिकाणी. नेकच पिळलेली असेल, तर मात्र त्या गिटारवर एक रुपयाही घालू नये.

जुळवणीला पैसे लागत नाहीत, म्हणून ती आधी करावी. नव्या तारा चढवून त्या सुरात लावाव्यात. मग जाडी तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक अंगाला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरावी. सातव्या फ्रेटपाशी ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट राहिली पाहिजे. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकते, तेवढी ही फट असते. ती कमीजास्त असेल, तर नेकचा बाक कमीजास्त करणारा आतला ट्रस रॉड एका वेळी पाव आट्याहून जास्त न फिरवता, तारा पुन्हा सुरात लावून, पुन्हा मोजावे. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची जाड बाजूला २ आणि बारीक बाजूला १.५ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. आपल्याकडे हे काम वर्षातून दोनदा करावे लागते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांपुढे गेला की हवेतला ओलावा संपतो, फिंगरबोर्डचे लाकूड आकसते आणि फ्रेटची टोके तळहाताला टोचू लागतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते. गिटार टिनाच्या छपराखाली भिंतीला टांगून ठेवणाऱ्याने नंतर कारखान्याला बोल लावू नये.

पिकअपची उंची पाहणेही याच वेळी उरकावे. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपच्या स्क्रूच्या डोक्यापासून तारेपर्यंतचे अंतर मोजावे. नेकजवळच्या पिकअपला ते सुमारे २.४ आणि ब्रिजजवळच्या पिकअपला सुमारे १.६ मिलिमीटर असावे. आवाज गढूळ येतो म्हणून पिकअप बदलायला आलेल्या कितीतरी मुलांना मी दोन स्क्रू फिरवून घरी पाठवले आहे.

आता नटकडे येऊ, कारण माझ्या मते स्वस्त गिटारचा सर्वांत मोठा रोग तिथे असतो. या घाटाच्या गिटारीत तीन खुंट्या एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला असतात. मधल्या दोन तारा, म्हणजे डी आणि जी, नटमधून निघाल्यावर बाहेरच्या बाजूला वळतात आणि खाच अरुंद असली तर तिथेच अडकतात. खुंटी फिरवताना नटजवळ 'टक्' असा आवाज आला आणि सूर एकदम उडी मारून पुढे गेला, तर दोष खुंटीचा नाही, खाचेचा आहे. तार अडकते, ताण साठतो आणि मग एका झटक्यात सुटतो. गेल्या हंगामात एका मंडळाचा मुलगा नव्या खुंट्या विकत घेऊनच माझ्याकडे आला होता, कारण दुसऱ्या अंकापर्यंत त्याची जी तार हमखास उतरत असे. मी पेन्सिलीचे शिसे खरवडून खाचेत घातले, तार चार वेळा ओढून पुन्हा सुरात लावली आणि त्याला अर्धा तास वाजवायला बसवले. तार जागची हलली नाही. खुंट्यांचे खोके त्याने न फोडता परत नेले.

पेन्सिल हा तात्पुरता उपाय झाला. कायमचा उपाय हाडाचा नट. जुन्या नटच्या कडेने वार्निशवर पात्याने रेघ मारावी, म्हणजे ते टवकत नाही. मग फिंगरबोर्डच्या बाजूने लाकडी तुकडा टेकवून हलकेच ठोकला की नट सुटतो. नवा नट खालून सपाट घासून बसवावा आणि चिकटवायला डिंकाचा एकच थेंब वापरावा, कारण पुढे कधीतरी तो काढायचाच असतो. १० ते ४६ च्या (इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेल्या) संचात सर्वांत बारीक तार ०.२५ मिलिमीटरची आणि सर्वांत जाड सुमारे १.१७ मिलिमीटरची असते, आणि प्रत्येक खाच आपापल्या तारेपेक्षा केसभरच रुंद हवी. खाचेचा तळ खुंट्यांच्या दिशेने उतरता हवा आणि तार फिंगरबोर्डकडच्या कडेवरच टेकली पाहिजे. तळ सपाट राहिला, तर तार तिथे घासून सतारीसारखी झणझणते. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून आपण हीच झणझण मुद्दाम आणतो आणि तिला जवारी म्हणतो; गिटारच्या नटवर तीच जवारी खोट ठरते.

ब्रिज म्हणजे गिटारची घोडी. या गिटारींवर बहुधा ट्यून-ओ-मॅटिक जातीचा ब्रिज असतो. गिब्सनच्या गिटारींवर तो १९५४ पासून दिसतो. प्रत्येक तारेचे सॅडल, म्हणजे तिच्या खालची छोटी टेकणी, स्क्रूने पुढेमागे सरकवून बाराव्या फ्रेटवरचा सूर जुळवता येतो, हे त्याचे वैशिष्ट्य. स्वस्त ब्रिजची सॅडले सैल असतात आणि ठरावीक सुरांना खुळखुळतात. तो बदलायला हरकत नाही, पण इथे मी स्वतः आपटी खाल्लेली आहे. पहिल्यांदा मी फोटो पाहून एक ब्रिज मागवला. तो आला तेव्हा त्याची भोके माझ्या गिटारच्या खांबांवर बसेनात, आणि दुकानदाराने खोके उघडले म्हणून परत घ्यायला नकार दिला. चूक माझी होती. आशियात बनलेल्या गिटारींचे ब्रिजखांब बहुधा मिलिमीटरच्या मापाचे आणि जाड असतात, तर जुन्या अमेरिकी घाटाच्या ब्रिजचे बारीक असतात. म्हणून खांबाची जाडी आणि दोन खांबांच्या मध्यांमधले अंतर मोजून ते कागदावर लिहिल्याशिवाय मागणी नोंदवू नये. तो ब्रिज अजून माझ्या दुकानात खिळ्याला लटकलेला आहे.

खुंट्यांबद्दल थोडक्यात सांगतो. नट नीट झाल्यावर बहुतेक खुंट्या निर्दोष ठरतात. बदलायच्याच असतील, तर नेकच्या डोक्यातल्या भोकाची रुंदी आणि मागच्या स्क्रूची जागा जुळते का, एवढे पाहावे.

यापुढे विजेचे काम येते, आणि सेमी-हॉलो गिटार खरी परीक्षा घेते ती इथे. अनेक मॉडेलांना मागे झाकण नसते, त्यामुळे पॉट, स्विच, जॅक हे सगळे एफच्या छिद्रातून बाहेर काढायचे आणि तिथूनच परत आत बसवायचे. पॉट बाहेरून आवळणारा पेचाचा नट सोडण्याआधी प्रत्येक पॉटच्या दांड्याला मजबूत दोरा बांधावा, म्हणजे पॉट आत सोडून छिद्रातून बाहेर काढला तरी दोऱ्याचे दुसरे टोक त्याच्या भोकातून बाहेर लोंबत राहते. दोऱ्याऐवजी दांड्यावर घट्ट बसणारी सलाईनची नळी मिळाली, तर परतीचा प्रवास आणखी सोपा होतो: नळी ओढली की पॉट आपल्या भोकाशी येऊन उभा राहतो. जोडणीचा फोटो आधी काढावाच, शिवाय हाताने आकृतीही काढावी, कारण फोटोत एका तारेखाली दुसरी लपते. उघड्या जाळीच्या तारा आत कुठेही टेकून आवाज बंद पाडतात, म्हणून मी त्यांवर मोटारीच्या वायंडिंगची स्लीव्ह चढवतो.

हंबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांच्या पिकअपसाठी ५०० किलोओहमचे पॉट वापरण्याची पद्धत आहे. छापील आकड्यापेक्षा ते २० टक्के कमीजास्त निघू शकतात, म्हणून मल्टिमीटरने मोजूनच लावावेत. रोध कमी निघाला की तीव्र सुरांची धार कमी होते. जाड दांड्याचे अमेरिकी मापाचे पॉट घेतले, तर त्यांना सुमारे ९.५ मिलिमीटरचे भोक लागते, आणि स्वस्त गिटारचे भोक त्याहून लहान असते. ते मोठे करायचे तर रीमरने हाताने, हळूहळू. ड्रिल लावले की वरचा थर टवकतो. खरखर येते म्हणून पॉट बदलण्याआधी त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दांडा वीस वेळा फिरवून पाहावा. जिनिंगजवळच्या गावांतून येणाऱ्या गिटारींच्या पोटात कापसाचा भुसका मी स्वतः चिमट्याने काढलेला आहे.

टोनच्या कॅपॅसिटरवरून फार वादावादी चालते. मोटारीला ३६ किंवा ५० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावणाऱ्या माझ्यासारख्याला गिटारमधला ०.०२२ चा दाणा पाहून हसूच येते. मायक्रोफॅरडचा आकडा तोच असेल, तर दहा रुपयांचा आणि हजाराचा यांतला फरक माझ्या कानाला कधी कळलेला नाही. ते पैसे चांगल्या जॅकवर आणि स्विचवर घालावेत, कारण प्रयोगाच्या मध्यात दगा देणारे भाग तेच असतात.

आता पिकअप. सेथ लव्हर या गिब्सनच्या अभियंत्याने १९५५ साली हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात दोन गुंडाळ्या एकमेकींच्या उलट भरतात आणि त्यांच्या चुंबकांची टोकेही उलट ठेवतात. तारेचा सूर दोन्हींत जुळून वाढतो, तर बाहेरून आलेली ५० हर्ट्झची घरघर एकमेकींत वजा होते. एका गुंडाळीला ४२ गेजची, म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटरची तार अंदाजे ५००० वेढे भरलेली असते. मोटारीच्या तारेवर हात बसलेला असल्याने मलाही एकदा खुमखुमी आली आणि मी घरीच पिकअप भरायला बसलो. तार तीनदा तुटली. चौथ्यांदा कुठे तुटली तेच सापडेना, कारण ती डोळ्यांना दिसतच नव्हती. तेव्हापासून मी तयार पिकअप घेतो. घेताना ७ ते ८ किलोओहमच्या आसपासचे, बेताच्या जोराचे निवडतो, कारण फार जोरकस पिकअप या पोकळ अंगात लवकर शिट्टी मारतो. मेणात बुडवलेले पिकअप मिळाल्यास उत्तम, कारण मेणाने सैल वेढे आवळले जातात आणि स्पीकरजवळची किंचाळी कमी होते.

हंबकर लावूनही मांडवात घरघर थांबली नाही, तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो, आणि त्याच्याशी खेळू नये. तारांना जोडलेली अर्थची वायर तारांचे मागचे टोक धरणाऱ्या टेलपीसच्या खांबाखाली जाते. काम करताना ती तुटली तर पुन्हा जोडल्याशिवाय गिटार बंद करू नये. मांडवाच्या बोर्डाला अर्थ नसेल, तर ॲम्प्लिफायरची गळती तारांवर येते आणि ओठ माइकला लागताच झटका बसतो. गायनाआधी मल्टिमीटरची एक टोकणी तारेला आणि दुसरी माइकच्या जाळीला लावून व्होल्टेज पाहावे. काटा हलला तर गिटार खाली ठेवावी आणि मांडववाल्याला बोलवावे.

टेबलावर ही जी लाल गिटार आहे, तिचा नट मी काल बसवला आहे, आणि पॉट अजून जुनेच आहेत. आता ते या छिद्रातून काढून दाखवतो. पुढच्या रांगेतल्या दोघांनी जवळ यावे. एकाने मोबाइलचा टॉर्च धरावा आणि दुसऱ्याने दोऱ्याचे टोक सोडू नये.